शून्य पूर्णांक चौतीस

यादवाडकर कोल्हापूरहून आला, बँकेने पाठवलेला.
कर्जाच्या फाइलीला आता
धोक्यांची क्रमवारी जोडावी लागते म्हणाला.
वेंगुर्ल्यात त्या दिवशी वारा नव्हता,
जळक्या टरफलांचा वास ऑफिसात येऊन बसलेला,
चहावर साय धरत होती.

"चौदा धोके. एकेक जोडी घ्यायची, काका.
दोघांतलं जास्त वाईट कोण, ते एक ते नऊमध्ये सांगायचं.
एक म्हणजे सारखेच. नऊ म्हणजे विचारूच नका."

चौदांच्या जोड्या होतात एक्याण्णव.
एकवीस वर्षं मी या काजूचा हिशेब लिहितो,
लग्न ठरतानाही मला इतके प्रश्न
कुणी विचारले नव्हते.

बेनिनहून निघालेलं जहाज, की अंबोलीतली दरड?
जहाज. पाच.
दरड, की बायका कामावर न येणं?
दरड. तीन.
(मध्ये बॉयलर, डॉलर, ओली बी, विजेचा दाब,
गुळगुळीत, पटापट.)
बायका न येणं, की जहाज?
बायका, म्हणालो. सात.

पडदा लाल झाला.
"सुसंगती बिघडली. शून्य पूर्णांक चौतीस.
शून्य पूर्णांक एकच्या आत लागते.
तुमचं मत तुमच्याच मताला कापतंय, काका."

कापतंय कसलं?
माघात गोदामाचा तळ दिसतो तेव्हा जहाज.
आषाढात घाट.
आणि चवथीच्या आधी आठ दिवस, नंतर आठ दिवस
बायकांशिवाय दुसरं काही सुचत नाही.
भीतीला महिने असतात, बाबा.
"सरासरी धरा," तो म्हणाला.

पाय मोकळे करायला त्याला प्रतवारीच्या खोलीत नेलं.
खिडकीखाली शालन केळुसकर.
गर उचलला, उलटला, टाकला:
रंग, आकार, चीर, डाग, आतली ओल,
पाच निकष, अर्धी पापणी.
अख्खा. अख्खा. पाकळी. तुकडा. अख्खा.
यादवाडकरने वाकून विचारलं,
मावशी, यात रंगाला वजन किती देता?
"वजन काट्यार करतत. हयसर हाताक कळता."
तो हसला.
मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

चारची एसटी होती त्याची.
मी सात खोडला, बाजू बदलली:
जहाज. नऊ.
शून्य पूर्णांक शून्य आठ.
पडदा हिरवा, जसा पोपटी पालवीत
काजीचा डोंगर एकदम होतो तसा,
आणि इतकं सोपं होतं ते.

मग उपाय मोजले.
एक कल्पनेतला सगळ्यांत चांगला, एक सगळ्यांत वाईट,
जगात नसलेले दोघे,
आणि त्यांच्यामध्ये आपले खरे उपाय
कोण कुणापासून किती लांब.
मोठं गोदाम पहिलं आलं.
आडगावच्या बायकांसाठी टेम्पो, आणि पाळणाघर,
खाली, पानाच्या अगदी कडेला,
जिथे प्रिंटर शाई कमी सोडतो.
बायका न येणं: अकरावा क्रमांक.

गोदाम झालं. पत्रा अजून डोळ्यांवर येतो.
जहाज वेळेवर लागलं, दरड कोसळली नाही,
बँकेचा साहेब येऊन अख्खा काजू खाऊन गेला.
कुणाचं काही बिघडलं नाही.

फक्त सकाळी आठला, वही उघडायच्या आधी,
मी प्रतवारीच्या दाराशी उभा राहून
बाहेर काढलेल्या चपला मोजतो.
बेचाळीस जोड्या.
झिजलेल्या टाचा, एकीला सेफ्टी पिन,
निळ्या पट्ट्याची नेहमी भिंतीला टेकवून, सरळ.

आज एकेचाळीस.
भिंतीकडे बघायच्या आधीच
मला कळलं होतं.